लांब राईडला उजवा गुडघा पुढून दुखून राहिला, डिसेंबरच्या ३०० ब्रेव्हेआधी काय करू?

खामला_ते_खिंडसी

नमस्कार मंडळी, मी नागपूरचाच, खामल्यात राहतो. दीडेक वर्षापासून रोडबाईक चालवून राहिलो, उन्हाळा लागायच्या आधी २०० ची ब्रेव्हे (ठरलेल्या वेळेत २०० किमी पूर्ण करायची राईड) वेळेत झाली आणि तेव्हा गुडघ्याला काहीच नव्हतं. आता डिसेंबरमध्ये ३०० करायची म्हणून दिवाळीपासून रविवारचं अंतर वाढवलं अन तिथूनच हे मागे लागलं.

होतं असं की सत्तर ऐंशी किमीपर्यंत सगळं मस्त, मग उजव्या गुडघ्यात वाटीच्या आसपास पुढून आधी जड जड वाटते अन नंतर प्रत्येक वेळी पेडल दाबलं की टोचते. जोर काढला की कमी होते, चढ किंवा समोरून हवा आली की परत सुरू. घरी आल्यावर जिना चढताना तेवढं नाही पण उतरताना दुखतं. ऑफिसात तासभर पाय खुर्चीखाली दुमडून बसलो अन उठलो की पहिली दोनचार पावलं लंगडत टाकावी लागतात. एकदोन दिवसांत बरं होतं, सूज वगैरे कधी दिसली नाही, पडलो बिडलो पण नाही. डावा गुडघा एकदम ठीक.

रूट जास्त करून अमरावती रोडने कोंढाळी अन परत, किंवा कामठी, मनसर करून रामटेक, खिंडसी. पेडल साधे सपाट आहेत, क्लीट (बुटाच्या तळाला लावून पेडलमध्ये अडकवायची पट्टी) नाही. गिअरच्या चकत्या पुढे ५०-३४ दातांच्या, मागे ११ ते २८ च्या.

आता घरी आई म्हणते सायकल बंद कर, गुडघे झिजतील, तुझ्या मामाचं काय झालं बघितलं ना. दुकानवाला म्हणते क्लीटवाले शूज घ्या, सगळं ठीक होईल. ग्रुपमधला मित्र म्हणते ३०० ला २० तास असतात, मधात एक पेनकिलर घे अन काढून टाक. तिघांचं तीन तऱ्हेचं ऐकून डोकं काम करत नाही आहे. एमआरआय करून घेऊ का आधी? की सायकलमध्येच काही बदलायचं? मला ही राईड मनापासून करायची आहे पण गुडघा कायमचा खराब करून नाही. ज्यांना असा त्रास होऊन गेला त्यांनी प्लीज सांगा.

पाना_अन_ग्रीस

भाऊ, दुखते कुठे ते तू बरोबर लिहिलं हे फार चांगलं केलं, कारण सायकलवाल्याच्या गुडघ्यात अर्धी गोष्ट जागेवरूनच कळते. पुढून, वाटीच्या आसपास दुखत असेल तर बहुतेक वेळा सीट खाली आहे, किंवा सीट फार पुढे सरकलेली आहे, किंवा भारी गिअर दाबून चालवणं चालू आहे. मागून, म्हणजे गुडघ्याच्या खोबणीत दुखलं तर सीट जास्त वर. बाहेरच्या अंगाला दुखलं तर मांडीच्या बाजूने जो लांब पट्टा खाली येतो तो ताणला जातो, तिथे पण सीट वर असणं किंवा क्लीट आत वळलेली असणं हे कारण निघते. आतल्या अंगाला असेल तर पाऊल कोणत्या कोनात ठेवतो ते बघायचं. हे काही शंभर टक्के नाही पण सुरुवात इथून करायची, एमआरआयपासून नाही.

सीट खाली असली तर काय होते ते समज. पेडल वर येते तेव्हा गुडघा जास्त दुमडतो, अन तिथूनच आपण जोर लावायला सुरुवात करतो. दुमडलेल्या गुडघ्यावर जोर लावला की वाटी मांडीच्या हाडावर दाबली जाते. एकदा दोनदा काहीच होत नाही. पण ८५ च्या कॅडन्सने, म्हणजे मिनिटाला पेडलचे ८५ फेरे धरले तर, तासाला ५१०० फेरे होतात एका पायाचे, अन ३०० मध्ये तू चौदा पंधरा तास तरी सायकलवर असशील, मग हिशोब लाव. म्हणूनच तुला २० किमीच्या राईडमध्ये काही कळत नाही अन ऐंशीनंतर बोंबलते.

आपल्याकडे सायकल विकताना सीट कशी लावतात बघितलं ना, गिऱ्हाईक सीटवर बसून दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजे. बाजारात भाजी आणायला ते बरोबर आहे, रोडबाईकला नाही. सीटवर बसून तुझे दोन्ही तळवे आरामात टेकत असतील तर सीट खालीच आहे असं धरून चाल.

घरी एवढं मोज. चप्पल काढून भिंतीला पाठ लावून उभा राहा, एक जाड पुस्तक दोन पायांच्या मधात घालून वर दाब, सीटवर बसल्यासारखं लागलं पाहिजे, अन पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत माप घे. त्या आकड्याला ०.८८३ ने गुण. जे येईल तेवढं अंतर क्रँक, म्हणजे पेडलचा दांडा, जिथे फिरते त्याच्या मध्यापासून सीटच्या वरपर्यंत पाहिजे, सीटच्या नळीच्या रेषेत मोजायचं. दुसरी टेस्ट, सायकल भिंतीला लावून बस, पेडल एकदम खाली असताना टाच पेडलवर ठेव, पाय सरळ झाला पाहिजे पण कंबर एका बाजूला झुकायला नको. तिसरं, क्रँक आडवे ठेवून पुढच्या गुडघ्याच्या वाटीखाली जो उंचवटा लागतो तिथून दोऱ्याला नट बांधून सोड, तो साधारण पेडलच्या आसावर पडायला पाहिजे. बराच पुढे पडत असेल तर सीट पुढे आहे. हे तीन आकडे इथे टाक, मग बोलू. तोवर क्लीटचे पैसे खिशातच ठेव, त्या या दुखण्याचा इलाज नाहीत, उलट चुकीच्या कोनात लागल्या तर नवीन दुखणं येते.

हळूहळू_वर्धा

पानावाल्या भाऊने सीटचं सांगितलं, मी गिअरचं सांगतो कारण मला तोच त्रास होता अन माझी सीट बरोबर होती. आपल्या नागपूरच्या आजूबाजूला रस्ते सपाट आहेत म्हणून आपल्याला कळतच नाही की आपण कायम पुढे मोठ्या चकतीवर अन मागे लहान दाता (मागची चकती) टाकून चालवतो, स्पीड छान दिसतो, पाय हळू हळू फिरतात अन सगळा भार गुडघ्यावर. वर्धा रोडने बुटीबोरीकडून परत येताना समोरून हवा असली की तर विचारूच नका, तोच गिअर धरून नुसतं रेटायचं काम चालते.

सेन्सर नसला तरी कॅडन्स मोजता येतो. पंधरा सेकंदात उजवा गुडघा किती वेळा वर आला ते मोज अन चारने गुण. २० ते २२ आला तर ८० ते ८८ झाला, तेवढा पाहिजे. सुरुवातीला सीटवर उड्या मारल्यासारखं वाटते, श्वास पण जास्त लागते, दोनतीन आठवड्यांत सवय होते. अन सिग्नलला थांबायच्या आधी गिअर हलका करून ठेव. हे लहान वाटते पण गावातून बाहेर पडेपर्यंत किती सिग्नल अन किती उड्डाणपूल आहेत बघ ना, प्रत्येक ठिकाणी थांबलेल्या सायकलला भारी गिअरमध्ये उचलणं म्हणजे पूर्ण वजन एका गुडघ्यावर.

खामला_ते_खिंडसी

दोघांचे खूप खूप आभार, एवढं कोणी समजावून सांगितलंच नव्हतं. मोजून आलो.

पायाचं माप ८०.५ सेमी. म्हणजे गुणून ७१ च्या वर येतं. माझी सीट निघाली ६८.२. दुकानात घेताना दोन्ही पाय टेकवूनच सेट केली होती अन तेव्हापासून हातच लावला नाही. टाचेच्या टेस्टला गुडघा चांगलाच वाकलेला होता, बायकोने फोटो काढला त्यात स्पष्ट दिसते. दोरा पेडलच्या आसाच्या दीडदोन सेमी पुढे पडला. कॅडन्स काल अमरावती रोडला वाडीच्या पुढे मोजला, पंधरा सेकंदात सोळा, म्हणजे ६४.

आता एकदम ७१ करू का? अन उजवाच काऊन दुखते, सीट तर दोन्ही पायांना सारखीच आहे ना?

पाना_अन_ग्रीस

एकदम नाही, बिलकुल नाही. जवळपास तीन सेमीचा फरक आहे, एका दिवसात केला तर पुढचं दुखणं मागे जाईल, पोटरी अन मांडीची मागची शीर ओढली जाईल. चारपाच मिमी वर घे, दोनतीन लहान राईड कर, मग परत चारपाच मिमी. सीटपोस्टवर पांढरी टेप लावून पेनने खूण करत जा म्हणजे कुठून कुठे आलो ते कळते. अन सूत्राचा आकडा म्हणजे काही देवाचा शब्द नाही, बुटाचा तळ किती जाड, पाऊल कसं ठेवतो यावर इकडे तिकडे होते. ७० च्या पुढे गेला की टाचेची टेस्ट परत कर. कंबर डोलायला लागली की जास्त झालं समज, थोडं खाली घे.

मागेपुढेचं नंतर. आधी उंची जमू दे, कारण पोस्ट तिरका असतो म्हणून सीट वर गेली की आपोआप मागे पण जाते. एकावेळी एकच गोष्ट बदल नाही तर कशाने फरक पडला ते कळणारच नाही. आणखी एक, सीटपोस्टवर कमीत कमी किती आत पाहिजे त्याची रेघ असते, ती नळीच्या बाहेर दिसायला नको, नाही तर पोस्ट नाही तर फ्रेम तुटते.

क्लीट कधी घेतल्याच तर पहिल्यांदा पाऊल थोडं फिरू देणाऱ्या घे. शिमानोच्या रोडच्या पिवळ्या क्लीटला ६ अंश मोकळीक असते, निळ्याला २, लालला काहीच नाही. लाल घेऊ नको. उजवाच काऊन ते फिजिओ ताई सांगतील, त्या इथे असतात.

फिजिओ_ताई_धरमपेठ

हो, वाचते आहे सगळं. आधी हे स्पष्ट सांगते की नेटवर वाचून निदान होत नाही, एकदा कोणाला तरी प्रत्यक्ष दाखवाच. पण जिना उतरताना दुखणं आणि बराच वेळ गुडघा दुमडून बसल्यावर उठताना दुखणं, या दोन गोष्टी वाटीच्या मागच्या भागावर ताण आल्यावर अगदी ठरलेल्या दिसतात. त्याला सहसा एमआरआयची गरज पडत नाही, हाताने तपासून आणि एकदोन हालचाली करायला लावून कळतं. बोटाने नेमकं वाटीच्या खालच्या टोकावर दाबल्यावर दुखत असेल तर तो तिथला पट्टा असू शकतो, तेही तपासताना कळेल.

वाट बघत थांबायचं नाही असं कधी, तर गुडघा सुजला, अडकला म्हणजे सरळच होत नाही किंवा दुमडतच नाही, चालताना अचानक पाय सुटल्यासारखा झाला, रात्री झोपेतून उठवेल इतकं दुखलं, किंवा गुडघा गरम आणि सोबत ताप. यातलं काहीही असेल तर त्याच दिवशी हाडांच्या डॉक्टरांकडे.

उजवाच का, याचं उत्तर बऱ्याचदा गुडघ्यात नसतं, वर कमरेत असतं. आरशासमोर उभे राहा, साधी पायरी घ्या, उजव्या पायावर उभं राहून डावी टाच हळूच जमिनीला टेकवा आणि परत वर या. उजवा गुडघा आत, म्हणजे अंगठ्याच्याही आत जातो का बघा. मग डाव्या पायावर तेच करा. ज्या बाजूला कुल्ल्याचा बाजूचा स्नायू कमजोर असतो त्या बाजूचा गुडघा आत पडतो आणि वाटी तिरकी घासते. ऑफिसात दिवसभर बसणाऱ्यांमध्ये हे मी सारखं बघते. शिवाय सिग्नलला तुम्ही कायम डावा पाय टेकवून उजव्याने सायकल उचलत असाल, तोही भार मोजा.

करायचं काय, तर पाठीवर झोपून गुडघे वाकवून कंबर उचलणं, कुशीवर झोपून वरचा पाय सरळ ठेवून उचलणं, आणि वर सांगितलेला पायरीचा व्यायाम, हे तीन, एक दिवसाआड. भिंतीला पाठ टेकवून खुर्चीसारखं बसायचं तेही चांगलं, पण गुडघा काटकोनात नको, थोडं वरच थांबा, जिथे दुखत नाही तिथे, तीस ते पंचेचाळीस सेकंद. फरक कळायला सहा आठवडे तरी द्या. दहा दिवसांत सोडून देणारे पेशंट परत येतात तेव्हा मला खरंच वाईट वाटतं, कारण काम अर्ध्यावर आलेलं असतं.

सायकल बंद करू नका. पूर्ण आराम केला की दुखणं थांबतं पण स्नायू ढिले पडतात, आणि पुन्हा सुरू केलं की तिथेच येऊन उभे. दुखणं दहापैकी तीनच्या आत आणि दुसऱ्या सकाळी उरलेलं नाही, एवढं अंतर चालवा. तुम्हाला सत्तरला सुरू होतं ना, मग सध्या एकूण पन्नासमध्येच राईड संपवा. काही आठवडे उकिडवं बसणं आणि जेवताना जमिनीवर मांडी घालून बराच वेळ बसणं टाळा, ऑफिसात पाय लांब करून बसा.

पेनकिलरबद्दल कळकळीने सांगते. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन या गोळ्या घेऊन दहा पंधरा तास घाम गाळत, पाणी कमी पडत सायकल चालवली तर मूत्रपिंडावर ताण येतो, पोटाला त्रास वेगळा. आणि दुखणं दबलं की तुम्ही ज्या जोराला थांबला असता त्याच्या पुढे जात राहता. मित्राला हे जरूर वाचायला द्या.

आणि आईंना सांगा की सायकलने गुडघे झिजतात असं नाही. ज्यांचे गुडघे वयाने झिजले आहेत त्यांना आम्ही उलट हलक्या गिअरमध्ये सायकल चालवायला सांगतो, कारण वजन सीटवर असतं आणि सांधा फिरता राहतो.

सेमिनरी_हिल्सचे_काका

ताईंनी फार मोलाचं लिहिलं. मी साठीच्या जवळ आलो आहे, गुडघे शाबूत आहेत, दोन गोष्टी जोडतो.

एक म्हणजे थंडी. डिसेंबरात आपल्याकडे पहाटे पारा दहाच्याही खाली जातो अन शहराबाहेर निघालं की अजून बोचते. ब्रेव्हे पहाटेच सुटते. पोरं वर जॅकेट, कानटोपी, हातमोजे सगळं घालतात अन गुडघे उघडे. सायकलच्या हवेत उघडा गुडघा तास न तास गार पडतो अन तसाच जोर लावला की कुरकुरतो. नी वॉर्मर घे, नसले तर लांब टाइट्स घाल, ऊन चढलं की काढून खिशात. पहिले वीसेक किमी लहान चकतीवरच, कोणी पुढे गेलं तर जाऊ दे.

दुसरी गोष्ट ३०० ची. बेटा, तू लिहिलं की २०० उन्हाळ्याआधी केली. ब्रेव्हेचा सीझन १ नोव्हेंबरला सुरू होतो अन पुढच्या ३१ ऑक्टोबरला संपतो. म्हणजे तुझी ती २०० मागच्या सीझनची झाली. मनात सुपर रँडोनियर हा किताब असेल तर २००, ३००, ४००, ६०० एकाच सीझनमध्ये लागतात, तेव्हा तुला २०० परत करायचीच आहे. मग डिसेंबरमध्ये ३०० चा हट्ट कशाला? सीट, गिअर, व्यायाम हे जमवून डिसेंबर शेवटी नाही तर जानेवारीत २०० कर, साडेतेरा तास असतात, गुडघा काय म्हणतो ते तिथे कळेल. ३०० फेब्रुवारीत, ऊन तापायच्या आत. काही हातचं जात नाही.

आईंना अजून एक सांग. आपल्याच गावचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये अमेरिकेतली रॅम, म्हणजे या किनाऱ्यापासून त्या किनाऱ्यापर्यंतची सायकल शर्यत, एकट्याने पूर्ण केली, जवळपास पाच हजार किमी, बारा दिवसांच्या आत. अंतराला भ्यायचं कारण नाही, सायकल अंगाला बसली पाहिजे अन अंतर हळूहळू वाढलं पाहिजे.

खामला_ते_खिंडसी

काका, सीझनची ही गोष्ट मला माहीतच नव्हती, तुम्ही सांगितली नसती तर दुखऱ्या गुडघ्याने ३०० ला जाऊन उभा राहिलो असतो. ३०० चं नाव काढून टाकलं, २०० चंच ठरवलं.

काही आठवडे झाले म्हणून सांगायला आलो. सीट हळूहळू ७० वर आणली, तिथे टाच बरोबर बसते अन कंबर हलत नाही, दोरा पण जवळपास आसावर पडते म्हणून पुढेमागे काही केलं नाही. पहिला आठवडा पोटऱ्या भरून आल्या, सिग्नलला पाय टेकवायला सीटवरून उतरावं लागते त्याची सवय करावी लागली, आता डावा उजवा आलटून पालटून टेकवतो. आरशासमोर पायरीचा व्यायाम केला तर ताई म्हणतात तसंच निघालं, उजवा गुडघा सरळ आत जाते, डावा नाही. एका फिजिओला दाखवलं, त्यांनी पण वाटीच्या मागचाच ताण सांगितला अन एमआरआय नको म्हणाले. व्यायाम सुरू आहे.

मागच्या रविवारी रामटेक करून आलो, परतीत कन्हानच्या पुढे थोडं जड वाटलं पण टोचलं नाही, अन सोमवारी जिना उतरताना काही नव्हतं. पूर्ण गेलं असं नाही म्हणणार, पण बराच फरक आहे. आईला ताईंचा अन काकांचा मेसेज वाचून दाखवला, ती आता एवढंच म्हणते की एकटा जाऊ नको.

एक राहिलं. कॅडन्स ८० धरायला गेलो तर कोंढाळीकडच्या चढाला अन हवेत ३४-२८ सुद्धा भारी पडते, साठ पासष्टवर येतो. मागे ३२ ची कॅसेट (मागच्या चकत्यांचा संच) टाकली तर चालेल का? किती खर्च वगैरे नंतर बघतो, बसते का ते सांगा.

पाना_अन_ग्रीस

टाक, गुडघ्यासाठी यापेक्षा चांगला खर्च नाही. फक्त मागच्या डिरेल्युअरचा (चेन एका दात्यावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) पिंजरा बघ, आखूड असला तर त्याला २८ च्या पुढचा दाता बहुतेक झेपत नाही, मध्यम किंवा लांब असला तर ३२ बसते, डिरेल्युअरच्या मागच्या बाजूला मॉडेल नंबर असते त्यावरून पक्कं कळते. कॅसेट जितक्या स्पीडची आहे तितक्याच स्पीडची घे. चेन पण सोबत बदलून घे, जुनी चेन नव्या दात्यांवर घसरते, अन मोठा दाता आला म्हणून लांबी परत मोजावी लागते, जुन्याएवढीच कापली तर पुढे मोठी चकती अन मागे मोठा दाता टाकला की डिरेल्युअर ओढलं जाते. दुकानात नुसतं सांगू नको, सायकल घेऊन जा अन उभा राहून बसवून घे. सीट मात्र त्यांना हात लावू देऊ नको, टेपची खूण दाखव अन सांग इथेच राहू द्या.

२०० ला मी पण येतो आहे, सोबत जाऊ.